येणाऱ्याजाणाऱ्यासाठी

मुंबईच्या रस्त्यावर तुम्ही नुसते उभे राहिलात, तर दोन मिनिटांत कुणीतरी विचारतं, "पत्ता शोधताय का?" नाहीतर, "कुणाची वाट बघताय?" विचारणारा भला असतो, त्याला मदतच करायची असते. पण हा माणूस समोरची इमारत बघायला थांबला असेल, हे काही त्याच्या मनात येत नाही. या शहरात प्रत्येकाला कुठेतरी पोहोचायचं असतं. घर ते स्टेशन, स्टेशन ते ऑफिस, आणि संध्याकाळी तेच उलट. वर्षानुवर्षं त्याच जिन्याने चढायचं, त्याच दाराने बाहेर पडायचं. पुलावर कुठल्या बाजूने चाललं की धक्के कमी बसतात, हेसुद्धा पायांना पाठ होऊन जातं. मग होतं काय, की ज्या शहरात जन्म काढला त्यातला एक चिंचोळा पट्टा तेवढा आपल्या ओळखीचा राहतो. बाकीचं शहर शेजारी असून परकं.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचंच बघा. रोज लाखो माणसं तिथे उतरतात. लोकल थांबायच्या आत अर्धा डबा फलाटावर असतो. बाहेर पडताना मान खाली, हात बॅगेवर, लक्ष सिग्नलवर. आणि त्याच वेळी डोक्यावर दगडात मोर पिसारा फुलवून बसलेले असतात, माकडं असतात, पानाफुलांच्या वेली खांबांच्या माथ्यावर गुंफलेल्या असतात. फाटकाच्या एका खांबावर सिंह आहे, दुसऱ्यावर वाघ. 1878 मध्ये सुरू झालेलं हे काम दहा वर्षं चाललं. आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा, पण त्यातली पुष्कळशी नक्षी घडवली ती जे. जे. कलाशाळेत शिकणाऱ्या मुलांनी. त्या मुलांनी मोर घडवला तेव्हा तो कुणी बघावा अशी त्यांची इच्छा असेल? साहेबाने? साहेब तर दगडात काही कमीजास्त राहिलं का तेवढंच बघणार. तो मोर रस्त्याने जाणाऱ्या माणसासाठी होता. त्या माणसाने मान वर केली की काम झालं.

मला या शहरात ठरवल्याशिवाय भटकायचं वेड आहे. रविवारी दुपार कलली की मी फोर्टात जाते. ऑफिसं बंद, शटर खाली, एरवी जिथे हातगाडीला वाट मिळत नाही त्या गल्ल्यांत पोरं क्रिकेट खेळत असतात. फोन पिशवीत टाकते. वळण आलं की जिकडे सावली असेल तिकडे वळते, एवढाच नियम. वारसा-फेऱ्या काढणाऱ्या जाणत्या मंडळींबद्दल मला आदर आहे, त्यांच्याबरोबर चालून मी खूप शिकले. पण तिथे काय बघायचं हे आधीच ठरलेलं असतं. एकटं आणि उगाच चालताना जे दिसतं ते कुणी यादीत घातलेलं नसतं. एखाद्या गॅलरीला आधार देणारा सागवानी हात आणि त्याच्या टोकाला कोरलेलं कमळ. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत रंगीत काचेचा एकच उरलेला तुकडा. जिन्याच्या लोखंडी कठड्यात ओतलेली घरमालकाची आद्याक्षरं. गंजलेल्या पाटीवर सुबक वळणाने रंगवलेलं, केव्हाच बंद झालेल्या पेढीचं नाव. यांतलं काहीही बघायला कुणी मुद्दाम जाणार नाही. ते वाटेत यावं लागतं, आणि त्या वेळी आपल्याला घाई नसावी लागते.

आपल्या लेखकांत या शहराकडे असं बघण्याची परंपरा जुनी आहे. गोविंद नारायण माडगावकरांचं 'मुंबईचे वर्णन' 1863 मध्ये प्रसिद्ध झालं. किल्ल्याच्या भिंती पाडून शहर मोकळं करायचं चाललं होतं तो हा काळ. देवळं, तळी, बाजार, नाना जातींची माणसं, त्यांचे धंदे, त्यांचे पोशाख: काही म्हणजे काही या गृहस्थाच्या नजरेतून सुटलं नाही. घरात बसून असं पुस्तक लिहून होत नाही. पुढे शंभरावर वर्षांनी अरुण कोलटकर काळा घोड्याच्या कोपऱ्यावर, वेसाइड इनच्या खिडकीशी बसून समोरचा चौक बघत राहिले. तिथली माणसं, कुत्री, कचरा, इडलीवाली, सगळं त्यांनी कवितेत आणलं. ती कविता 2004 मध्ये पुस्तकरूपाने आली. एकाने चालून पाहिलं, दुसऱ्याने बसून. बघण्यात मात्र दोघांनीही कसूर केली नाही.

अशाच एका फेरीत फोर्टातल्या मिंट रोडवर मला मुळजी जेठा कारंजं भेटलं. भेटलं असंच म्हणते, कारण मी ते शोधत नव्हते. चोहोबाजूंनी गाड्यांचा वेढा, आणि मधोमध हे दगडी काम. खाली पाण्याची कुंडं, वर प्राण्यांची शिल्पं, बारीक नक्षी, छोटी शिखरं, आणि सगळ्यांत वर हातात पुस्तक घेतलेला एक मुलगा. मी फिरून फिरून बघितलं. घरी येऊन वाचलं तेव्हा त्या मुलाची गोष्ट कळली. रतनसी मुळजी या व्यापाऱ्याचा हा एकुलता एक मुलगा, धरमसी. पंधराव्या वर्षी गेला. बापाने त्याच्या आठवणीत 1894 मध्ये हे कारंजं उभं केलं. आराखडा त्याच स्टीव्हन्सचा, नक्षीकामाची कल्पना जे. जे. कलाशाळेच्या जॉन ग्रिफिथ्स यांची.

एवढी संपत्ती असलेल्या माणसाला मुलाची आठवण जपायला पुष्कळ वाटा होत्या. घरात तसबीर लावता आली असती. संगमरवरी छत्री बांधून तिला कुंपण घालता आलं असतं. त्याने काय केलं? जिथे गोदीकडून बैलगाड्या येत, हमाल पाठीवर ओझं घेऊन धावत, त्या घामाच्या रस्त्यावर पाणी आणलं. मुलाला तहानलेल्या माणसांच्या वर, पुस्तक हातात देऊन बसवलं. त्या हमालाला धरमसी कोण हे ठाऊक नव्हतं आणि ठाऊक असायची गरजही नव्हती. त्याने ओंजळ पुढे करायची आणि पाणी प्यायचं. बापाचं दुःख अशा रीतीने शहराच्या उपयोगी पडलं. मला त्या कारंज्यापाशी उभं राहून गलबलून आलं, आणि आजही त्या बाजूला गेले की येतं.

या शहरात अशी कितीतरी प्याऊ आहेत. मुंबईत पाणपोईला प्याऊच म्हणतात. मशीद बंदरच्या भात बाजारात केशवजी नायकांचं 1876 सालचं प्याऊ आहे, त्याच्या माथ्यावर घड्याळ आहे. म्हणजे तहान भागवा आणि किती वाजले तेही बघून जा. काही प्याऊंना माणसांच्या नळांखाली बैलांसाठी, घोड्यांसाठी दगडी डोण्या केलेल्या दिसतात. पुष्कळशी कुणा ना कुणाच्या आठवणीत बांधलेली: गेलेली आई, तरुण लेक, भाऊ. बांधणारे गुजराती, भाटिया, पारशी, मराठी, सगळे. पाणी मात्र कुणाला द्यायचं हे त्यांतल्या कुणी लिहून ठेवलं नाही, निदान मी पाहिलेल्या पाट्यांवर तरी तसं काही नाही. ज्या काळात गावोगावच्या पाणवठ्यांवर जात विचारली जात होती, त्या काळात भररस्त्यात उघडं पाणी ठेवणं ही केवढी मोठी गोष्ट होती.

हळूहळू मला एक गोष्ट पटत गेली. शहरातलं जे खरं देखणं आहे ते बहुतेक वेळा अनोळखी माणसासाठी केलेलं असतं. खेड्यात घर बांधणाऱ्याला त्यापुढून जाणारा प्रत्येक जण माहीत असतो. शहरात तो कोण असेल हे कुणालाच ठाऊक नसतं. तरीही कुणीतरी त्याच्यासाठी सावली करतं, त्याला टेकायला ओटा ठेवतं, त्याने मान वर केली तर दिसावं म्हणून छज्ज्याखाली फूल कोरतं. ज्याचं नाव माहीत नाही, ज्याच्याकडून काही मिळायचं नाही, त्याचा हा मान आहे. आणि हे सगळं ज्याच्यासाठी केलेलं असतं, तो घाईने निघून जातो. उगाच भटकणारा तेवढा ते जागच्या जागी स्वीकारतो.

सावलीवरून आठवलं. दादाभाई नौरोजी रस्त्यावरून टर्मिनसकडून हुतात्मा चौकाकडे चालत जा, पण रस्त्याच्या कडेने नको, इमारतींच्या पोटातून जा. या रस्त्याचं जुनं नाव हॉर्नबी रोड. 1896 मध्ये इथे नियम झाला, की इमारत कुणाचीही असो, तळमजल्यावर पुढच्या बाजूला पायी चालणाऱ्यांसाठी कमानींचा मार्ग सोडायचा. बांधणाऱ्यांनी मग वर हवे ते केले. कुणी गॉथिक टोकदार कमानी घातल्या, कुणी घुमट चढवले, कुणी ग्रीक पद्धतीचे खांब उभे केले. एकही इमारत दुसरीसारखी नाही. पण खालची सावली अखंड. जुलैच्या धो धो पावसातही तुम्ही त्या कमानींखालून फारसे न भिजता जाऊ शकता. तिथे आता फेरीवाले बसतात, पुस्तकं, घड्याळाचे पट्टे, जुनी नाणी विकतात. वाट अरुंद होते अशी तक्रार ऐकू येते. मला त्यांची अडचण होत नाही. सावलीत माणसं जमणारच, आणि जिथे माणसं थांबतात तिथे विकणारा येणारच. त्यांनी चालणाऱ्याला वाट ठेवावी आणि पालिकेने त्यांना जागा नेमून द्यावी, इतकं झालं तरी दोघांचंही भागेल.

याच 1896 सालाची दुसरी आठवण काळी आहे. त्या वर्षीच्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग आढळला. तो ओळखला गोव्याहून आलेल्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे, त्याच्यापुढून बस पकडायला धावणारे आपण सगळे. कमानींचा रस्ता आखला जात होता तेव्हा त्याच शहरातल्या कोंदट खोल्यांत माणसं प्लेगने मरत होती. म्हणून या सौंदर्याबद्दल बोलताना मला भाबडं व्हायचं नाही. या दगडांत अफूच्या आणि कापसाच्या व्यापाराचा पैसा आहे. इथल्या कमानी परक्या सत्तेच्या दिमाखासाठीही होत्या. पाथरवटाला मजुरी काय मिळाली आणि तो रात्री कुठे निजला, हा प्रश्न प्रत्येक कोरीव खांबापुढे विचारायला हवा. तो विचारूनही मी त्या खांबावरून हात फिरवते, कारण तो पाथरवटाचा आहे. पैसा शेठचा, हुकूम साहेबाचा, पण छिन्नी धरणारा हात आपल्यातलाच होता. त्याची कारागिरी पाहायची नाही असं ठरवलं, तर आपण त्याच्यावर आणखी एक अन्याय करू.

राजाबाई टॉवरखाली हे फार जाणवतं. प्रेमचंद रायचंद हे कापसाच्या तेजीत गब्बर झालेले आणि 1865 च्या मंदीत कोसळलेले व्यापारी. त्यांनी विद्यापीठाला पैसा दिला आणि मनोऱ्याला आईचं नाव मागितलं. आराखडा करणारे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट कधी हिंदुस्थानात आलेच नाहीत. 1878 मध्ये मनोरा पुरा झाला. आई दृष्टिहीन होती, सूर्यास्ताआधी जेवण्याची वेळ तिला टोल्यांवरून कळावी म्हणून हे घड्याळ, अशी गोष्ट सांगतात. मला मात्र जास्त आवडतात ते मनोऱ्यावर उंच जागी उभे केलेले पश्चिम हिंदुस्थानातल्या नाना जातीजमातींच्या माणसांचे पुतळे. ते तयार केले मुकुंद रामचंद्र या सहायक अभियंत्याने. लंडनहून आलेल्या कागदावर आपल्या माणसाने आपली माणसं चढवली! पगड्या, अंगरखे, उपरणी घेऊन ती तिथे उभी आहेत. ओव्हल मैदानावर गवतात पाठ टेकून बघितली तर ती दिसतात. क्रिकेट बघायला आलेल्यांनी ओव्हर बदलताना एकदा तिकडे नजर टाकावी.

ओव्हलची दुसरी बाजू मग आपोआप समोर येते. पूर्वेला विद्यापीठ, उच्च न्यायालय, सगळं टोकदार, गंभीर. पश्चिमेला 1930 नंतरच्या आर्ट डेको इमारती: गोलाई घेतलेल्या गॅलऱ्या, खिडक्यांवर भुवयांसारखे छज्जे, फिकट पिवळे-हिरवे रंग, आणि दारावर झोकदार अक्षरांत नावं. मध्ये फक्त मैदान आणि माडांची रांग. ही दोन्ही मिळून 2018 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली. त्या काळचंच एक काम महात्मा गांधी रस्त्यावर आहे, न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सची 1936 ची इमारत. तिच्या दर्शनी भिंतीवर ना. ग. पानसरे यांनी कोरलेली माणसं कित्येक मजले उंच आहेत. विमा कंपनीच्या दारावर एखाद्या देवीची किंवा राजाची मूर्ती बसवता आली असती. पानसऱ्यांनी तिथे कष्टकरी बायामाणसं उभी केली, आणि तीही देवांच्या मापाची. अजून स्वातंत्र्य मिळायचं होतं. त्या भिंतीपुढे उभं राहिल्यावर मला वाटतं, की येऊ घातलेल्या देशाचं इतकं सरळ आणि इतकं ताठ चित्र मुंबईत दुसरं नसेल.

दगडाबद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण या भागाचा रंग त्याचा आहे. आपला काळा बसाल्ट, मालाडच्या खाणींतून आलेला पिवळसर दगड, पोरबंदरहून आलेला पांढरट. काळा घोड्याजवळच्या वस्तुसंग्रहालयाच्या भिंतींत कुर्ल्याचा करडा आणि मालाडचा पिवळा एकमेकांशेजारी बसवलेले आहेत. पावसात बसाल्ट ओला होऊन काळाकुट्ट होतो आणि त्याच्याशेजारचा पिवळा दगड उजळतो. हिवाळ्यात चारच्या उन्हात हाच पिवळा दगड तापलेल्या तुपाच्या रंगाचा दिसतो. एकाच भिंतीची ही निरनिराळी रूपं पाहायची तर निरनिराळ्या वेळी त्या वाटेने जावं लागतं. ठरवून एकदा जाऊन काम भागत नाही.

भव्य इमारतींपाशीच सौंदर्य थांबत नाही, नाहीतर मी फोर्टाच्या बाहेर पडलेच नसते. काळबादेवीवरून भुलेश्वरच्या फूलगल्लीत शिरलं की वास पुढे पुढे नेतो. तिथून गिरगाव. खोताच्या वाडीत लाकडी घरांच्या पडव्या थेट गल्लीत उघडतात. रंगवलेले जिने, कौलारू छपरं, कुठे क्रूस, कुठे तुळस. एकेकाळी इथे पासष्ट घरं होती, आता त्यांच्या निम्मीही उरलेली नाहीत. त्या पडव्यांत बसलेला माणूस गल्लीतल्या माणसाशी आवाज न चढवता बोलू शकतो, इतकं अंतर कमी. चाळींच्या गॅलऱ्यांचंही तेच. घर लहान होतं म्हणून आयुष्य गॅलरीत आलं हे खरं, पण गॅलरीत आल्यावर त्याने रस्त्याकडे तोंड केलं हेही तितकंच खरं. दिवाळीत कंदील टांगतात ते घरातून दिसण्यासाठी टांगत नाहीत.

गिरगावातल्याच एका वाडीत मी एका जुन्या घराच्या तुळईवरची नक्षी बघत होते. ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या आजींनी विचारलं, "कोणाकडे जायचंय गं?"

"कोणाकडे नाही आजी. घर बघत होते तुमचं."

त्यांनी मला एकवार नीट न्याहाळलं. मग म्हणाल्या, "तिथून नाही दिसायचं. जिन्याच्या दोन पायऱ्या चढ आणि वळून बघ, राघू दिसेल."

मी चढले. तुळईच्या टोकाला खरोखरच एक राघू होता, चोचीत फळ धरलेला. "सासरे सांगायचे, सुताराने हौसेने केला, पैसे नाही लावले त्याचे," आजी म्हणाल्या, आणि पुन्हा तांदळाकडे वळल्या. ना त्यांनी माझं नाव विचारलं, ना मी त्यांचं.

आता एक गोष्ट मला बाई म्हणून बोलायचीय. पुरुष रस्त्यावर उगाच उभा राहिला तर फार तर आळशी ठरतो. बाई उभी राहिली तर आजूबाजूच्या नजरा बदलतात. म्हणून आपल्याकडच्या बायका रस्त्यात नेहमी काहीतरी कामात असतात: भाजी, मुलाची शाळा, डॉक्टर, ट्रेन. काम नसेल तर असल्यासारखं दाखवतात, फोन कानाला लावतात, घड्याळ बघतात. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी याच मुंबईतल्या बायकांचा अभ्यास करून 2011 मध्ये 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक लिहिलं. कारण नसताना, निवांत, रस्त्यावर असण्याचा हक्क बायकांना हवा, असं त्यांनी ठामपणे मांडलं. मला ते मनापासून पटतं. बाईला कामाशिवाय बाहेर पडता येत नसेल, तर त्या शहराचा मोर, राघू, कमान, पुतळा यांतलं काहीच तिच्या वाट्याला येत नाही. संसाराची चाळीस वर्षं दादरला काढून राजाबाई टॉवर जवळून न पाहिलेल्या बायका मला माहीत आहेत. त्यांना कुणी अडवलं नव्हतं. जायला कारण नव्हतं, एवढंच.

आणि आज आपण काय बांधतोय? जुनी चाळ पडते आणि तिच्या जागी मनोरा येतो. राहणाऱ्यांना प्रशस्त घर मिळतं, स्वतंत्र संडास मिळतो, त्याचा मला आनंदच आहे. गॅलरीतल्या आयुष्याचे गोडवे बाहेरून गाणाऱ्यांनी सकाळी सहाला सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभं राहून बघावं. पण मनोऱ्याचे खालचे पाच-सात मजले गाड्यांसाठी असतात. रस्त्यावरून चालणाऱ्याच्या वाट्याला येते कोरी भिंत, जाळी, आत-बाहेर करणाऱ्या गाड्यांचं फाटक आणि "येथे थांबू नये" ही पाटी. ओटा नाही, कमान नाही, पाणी तर नाहीच. फुटपाथ असला तर त्यावर मोटारसायकली. काचेची इमारत दुरून चमकते, जवळ गेल्यावर तिच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं. पैसा तेव्हापेक्षा आज कितीतरी जास्त आहे, हातही आहेत, यंत्रंही आहेत. येणाऱ्याजाणाऱ्याचा विचार तेवढा बांधणाऱ्यांच्या मनातून गेला, आणि ही या शहराची झालेली सगळ्यांत मोठी हानी आहे असं मी मानते.

हे बदलू शकतं. 1896 मध्ये एका नियमाने अख्ख्या रस्त्याला सावली दिली होती. आजही नवीन इमारतीने रस्त्याच्या बाजूला कमान, बाक, नळ, झाड यांपैकी काही द्यावं असं पालिकेला ठरवता येईल. पण असा नियम मागायला आधी चालणारी माणसं हवीत. जो चालतच नाही तो सावली मागणार कशाला? मोडकळीला आलेली प्याऊ या शहरात पुन्हा उभी राहिली, मुळजी जेठा कारंजंही दुरुस्त झालं, ते कुणीतरी वाटेत थांबून त्यांच्याकडे बघितलं म्हणून.

तेव्हा येत्या रविवारी बाहेर पडा. मुंबईत असाल तर टर्मिनसला उतरा, नसाल तर तुमच्या गावातल्या सगळ्यांत जुन्या पेठेत जा. पुण्या-कोल्हापुरापासून वाई-सावंतवाडीपर्यंत कुठेही चालेल. यादी करू नका, नकाशा उघडू नका, फोटोंची घाई करू नका. घरात आई, सासू, आत्या, मावशी कुणी असेल आणि तिला वर्षानुवर्षं कामाशिवाय बाहेर पडायला मिळालं नसेल, तर तिला बरोबर घ्या आणि कुठे वळायचं हे तिला ठरवू द्या. कुणी विचारलं, "कुणाकडे जायचंय?" तर सांगा, "कुणाकडे नाही, बघायला आलोय." आणि तुमच्या रस्त्यावर फुटपाथ नसेल, नळ कोरडा असेल, झाड तोडलं असेल, तर सोमवारी नगरसेवकाला तसं लेखी कळवा.